शेवटची फुली: क्री लिपीतल्या एका चिन्हाचा कोड कोणता धरायचा?

प्रश्न असा आहे. कॅनडात एडमंटनला राहणारे एक मराठी प्रोग्रॅमर तिथल्या क्री या मूलनिवासी भाषेच्या वर्गासाठी शब्दसंग्रह तयार करायला मदत करत आहेत. शब्द सिलॅबिक्स या क्रीच्या लिपीत आहेत. काही शब्दांच्या शेवटी, जरा वरच्या अंगाला, एक छोटी फुली येते. डोळ्याला सगळ्या फुल्या सारख्याच दिसतात, पण एकच शब्द एका फाइलमध्ये शोधल्यावर सापडतो आणि दुसऱ्या फाइलमध्ये सापडत नाही. खोलात जाऊन पाहिल्यावर त्यांना फुलीमागे चार-पाच वेगवेगळे कोड मिळाले. यातला बरोबर कोणता, आणि एक छोटा प्रोग्रॅम चालवून सगळ्या फुल्या एकसारख्या करून टाकल्या तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी थेट उत्तर देतो. प्लेन्स क्री, म्हणजे अल्बर्टा-सास्काचेवानकडची क्री असेल, तर शब्दाच्या शेवटच्या फुलीसाठी यू+१५७डी हा कोड वापरा. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना कोड देणारी यादी; तिच्यात त्याचे नाव ‘कॅनेडियन सिलॅबिक्स एचके’ असे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. सरसकट बदल करू नका. तो मी एकदा केला आहे आणि त्यातून काय झाले ते पुढे सांगणार आहे.

माझे काम फॉन्ट आणि मजकुराच्या रूपांतराचे. सुरुवात मराठीपासून झाली. जुन्या फॉन्टांत जुळवलेली पुस्तके युनिकोडमध्ये आणायची आणि त्यातली अक्षरे एकेक करून तपासायची. पुढे कॅनडातल्या मूलनिवासी भाषांच्या मजकुरांचे काम आले. ते करताना वारंवार वाटत राहिले की मराठी माणसाला हा प्रश्न इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. का, तेही खाली येईल.

आता फुलीकडे जवळून पाहू. क्रीमध्ये नदीला ‘सीपिय’ म्हणतात आणि ‘नदीत’ म्हणायचे असेल तर ‘सीपीह्क’. आपण ‘नदी’ला ‘त’ लावतो, ते ‘ह्क’ लावतात. घराला ‘वास्कहिकन’, घरात म्हणजे ‘वास्कहिकनिह्क’. तुमच्या एडमंटनचे क्री नावच ‘अमिस्क्वचीवास्कहिकन’ आहे, बीव्हरच्या टेकड्यांवरचे घर. एडमंटनमध्ये असे म्हणायचे झाले की त्यालाही शेवटी तोच प्रत्यय लागतो. सिलॅबिक्समध्ये शब्दाच्या अखेरीस येणारा हा ‘ह्क’ त्या एका छोट्या फुलीने लिहिला जातो. म्हणजे ‘सीपीह्क’ लिहायला तीन चिन्हे पुरतात: सी, पी आणि फुली. कोड पाहायचे तर यू+१४एफ०, यू+१४३२ आणि यू+१५७डी.

गंमत म्हणून नाही, तर सावधगिरी म्हणून दुसरा शब्दही बाजूला लिहून पाहा. ‘सीपिय’मधला शेवटचा ‘य’ हा छोट्या अधिकच्या चिन्हासारखा लिहितात, त्याचा कोड यू+१५४०, नाव ‘वेस्ट-क्री वाय’. म्हणजे ‘नदी’च्या शेवटी अधिकचे चिन्ह आणि ‘नदीत’च्या शेवटी तेच चिन्ह पंचेचाळीस अंशांत फिरवलेले. बारा पॉइंटच्या छपाईत ही दोन चिन्हे जेमतेम मिलिमीटरभराची असतात. वाचणाऱ्याला अडचण येत नाही, कारण तो शब्द ओळखतो. संगणक शब्द ओळखत नाही, त्याच्याकडे फक्त आकडा असतो.

तर त्या आकड्यांकडे येऊ. फुलीसारखी दिसणारी चिन्हे युनिकोडच्या याच गटात चार आहेत. पहिले अर्थातच यू+१५७डी. दुसरे यू+१५४१, नाव ‘सायीसी यि’. सायीसी हे डेने लोकांपैकी उत्तर मॅनिटोबातल्या टॅडूल लेककडचे लोक. त्यांची भाषा क्रीच्या कुळातली नाही, आणि हे चिन्ह त्यांच्या ‘यि’साठी नोंदले आहे. तिसरे यू+१६६ई, हा सिलॅबिक्सचा पूर्णविराम. होय, या लिपीचा परंपरागत पूर्णविराम हीसुद्धा एक बारीक फुलीच आहे. चौथे यू+१६६डी, ‘काय’ या ग्रीक अक्षराच्या नावाचे चिन्ह, ही मोठी फुली असते आणि धार्मिक मजकुरात ख्रिस्ताच्या नावाऐवजी येते. या चौघांखेरीज लोक रोमन लिपीतला छोटा ‘एक्स’ टंकतात आणि गुणाकाराचे चिन्हही टंकतात. तुम्हाला चार-पाच कोड मिळाले यात नवल काही नाही. मला एका संग्रहात सहाही मिळाले होते.

पहिल्या दोघांतला गोंधळ सर्वांत दाट आहे. पुष्कळ फॉन्टांत दोघांत डोळ्याला फरकच कळत नाही. त्यामुळे ज्याने ज्या कीबोर्डवरून टंकले, त्या कीबोर्डाच्या कर्त्याने जो कोड निवडला, तो मजकुरात उतरला. क्रीच्या माहितीपर लेखांतही ‘ह्क’साठी यू+१५४१ सर्रास दिसतो. टंकणाऱ्याची त्यात काही चूक नाही. त्याने फुली मागितली, त्याला फुली मिळाली.

हे असे का झाले, हे कळायला थोडे मागे जावे लागते. ही लिपी १८४० मध्ये विनिपेग सरोवराच्या उत्तरेला नॉर्वे हाउस इथे छापील रूपात आली. जेम्स एव्हान्स या वेस्लियन मिशनऱ्याचे नाव तिच्याशी जोडले जाते. चहाच्या पेट्यांना आतून लावलेले शिसे वितळवून त्याने खिळे ओतले, अशी हकिकत सांगतात. क्री परंपरेत मात्र ही लिपी मिस्तानास्कोवेव या पुरुषाला आत्मलोकातून मिळाली असे सांगितले जाते, आणि अनेक क्री शिक्षक तीच हकिकत मुलांना आधी सांगतात. ज्यांची लिपी त्यांनी ती कशी आली हे सांगावे, असे मला वाटते. एव्हान्सच्या बाजूने अभ्यासक दोन स्रोत दाखवतात: एक पिटमनची लघुलिपी आणि दुसरी आपली देवनागरी. त्या काळातल्या ब्रिटिश मिशनऱ्यांना देवनागरीची ओळख होती, आणि व्यंजनाचे एक अक्षर घेऊन स्वरानुसार त्याचे रूप बदलायचे ही कल्पना तिकडून आली असावी, असे ते मांडतात.

मराठी वाचकाला हे लगेच पटेल, कारण ही बाराखडीच आहे. फक्त मात्रा लावण्याऐवजी अक्षर फिरवायचे. ‘प’ची मालिका घ्या. एक साधा कोन आहे. त्याचे टोक डावीकडे असेल तर ‘प’, वर असेल तर ‘पि’, उजवीकडे असेल तर ‘पो’, खाली असेल तर ‘पे’. स्वर दीर्घ असेल तर वर एक टिंब द्यायचे. आणि शब्दाच्या शेवटी उघडे व्यंजन राहिले, आपण जिथे पाय मोडतो तिथे, एक छोटे वेगळे चिन्ह लिहायचे. या शेवटच्या चिन्हांना ‘फायनल’ म्हणतात, आणि आपली फुली ही त्यातलीच एक. पश्चिमेकडच्या क्रीतले हे फायनल म्हणजे बारीक रेघा, टिंबे, कंस, अधिक, फुली. इतक्या साध्या आकारांवर भाषेतल्या इतक्या व्यंजनांचा भार आहे, म्हणून गोंधळही इथेच जास्त होतो.

क्रीकडून ही पद्धत तिच्याच कुळातल्या ओजिब्वे भाषेकडे गेली, पूर्वेकडे इनुइट लोकांकडे गेली, पश्चिमेला डेने भाषांकडे गेली. १८८५ मध्ये आद्रियाँ-गाब्रिएल मोरीस याने डेनेंपैकीच असलेल्या कॅरियर लोकांसाठी तिच्यावरून स्वतःची वेगळी मांडणी केली. प्रत्येक ठिकाणी आकारांना नवे उच्चार मिळाले. ज्या त्रिकोणी चिन्हाला क्रीत ‘ए’ म्हणतात, त्यालाच इनुक्टिटुट या इनुइट भाषेत ‘आइ’ वाचतात.

मग विसाव्या शतकाच्या अखेरीस हे सगळे संगणकात आणायची वेळ आली. तोवर प्रत्येक संस्थेचा आपापला फॉन्ट होता, आणि रोमन अक्षरांच्या जागी सिलॅबिक्सचे आकार बसवलेले होते. आपल्याकडे युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत होते तसेच. फॉन्ट काढला की मजकुराचा चिखल. यावर कॅनडात या लिपीच्या संकेतनासाठी एक समिती बसली आणि तिने सगळ्या भाषांची चिन्हे एका यादीत आणली. सप्टेंबर १९९९ च्या युनिकोड ३.० मध्ये ती ६३० चिन्हे आली. पुढे २००९ मध्ये ५.२ आवृत्तीत आणखी ८० आणि २०२१ मध्ये १४.० आवृत्तीत १६, अशी आज ती ७२६ झाली आहेत.

या यादीचे नावच ‘युनिफाइड’ आहे, एकत्र केलेली. तत्त्व असे की आकार एकच असेल तर कोड एकच, मग भाषा कोणतीही असो. नाव मात्र त्या चिन्हाला एका भाषेतलेच द्यावे लागते. म्हणून त्रिकोणाचे नाव क्रीप्रमाणे ‘ए’ पडले आणि इनुइट माणूस त्याच कोडाला ‘आइ’ म्हणून वापरतो, त्यात बिघडत काही नाही. अडचण अशी की हे तत्त्व सगळीकडे सारखे पाळले गेले नाही. कुठे दोन भाषांचे दोन उच्चार एका कोडात आले, तर कुठे जवळजवळ एकच आकार दोन कोडांत राहिला. फुली या दुसऱ्या प्रकारात मोडते. आणि युनिकोडचा नियम असा आहे की एकदा दिलेले नाव बदलत नाही, एकदा दिलेला कोड काढून टाकत नाहीत. तेव्हा यू+१५४१ आणि यू+१५७डी हे शेजारी कायमचे आहेत. आपल्यालाच शिस्त पाळावी लागेल.

आणखी एक निर्णय त्या वेळी झाला, त्याचाही इथे संबंध आहे. देवनागरीत आपण ‘पि’ साठवतो तेव्हा ‘प’ आणि वेलांटी असे दोन कोड जातात. सिलॅबिक्समध्ये तसे केले नाही. ‘प’चा एक कोड, ‘पि’चा दुसरा, ‘पी’चा तिसरा, प्रत्येक वळण आणि प्रत्येक टिंब वेगळे चिन्ह म्हणून नोंदले. अक्षर फिरवणे ही गोष्ट कोडाने सांगता येत नाही, त्यामुळे निर्णय योग्यच होता. पण त्याचा परिणाम असा की या गटातल्या एकाही चिन्हाचे घटकांत विघटन होत नाही. एनएफसी म्हणजे एकाच अक्षराची साठवणीतली पर्यायी रूपे एक करणारी युनिकोडची ठराविक प्रक्रिया. म्हणून ‘एनएफसी करून घेतले की सगळे सारखे होईल’ हा जो सल्ला प्रोग्रॅमर एकमेकांना देतात, तो इथे काहीही करत नाही. फाइल आत गेली तशी बाहेर येते. एनएफकेसी या तिच्याच सैल प्रकारानेही तेच. युनिकोडची दिसायला सारख्या चिन्हांची एक यादी आहे, तांत्रिक मानक ३९ सोबत येते, तिच्यात या फुल्या रोमन ‘एक्स’शी जोडलेल्या सापडतील. ती यादी फसव्या वेबपत्त्यांपासून बचाव करण्यासाठी आहे. ती लावून मजकूर दुरुस्त करायला गेलात तर ‘नदीत’चे ‘नदीएक्स’ होईल.

आता मराठीचे सांगतो, कारण हेच दुखणे आपल्या घरात आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्याखोऱ्या’ यांतला तो अर्धा, पापणीसारखा र घ्या. तो दोन प्रकारे साठवता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, यू+०९३१, आणि त्याचा पाय मोडून पुढे य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. आत कोड वेगळे, आणि एनएफसीने ते एक होत नाहीत. युनिकोडच्या तक्त्यात यू+०९३१ समोरची टीप हे अक्षर द्राविडी भाषांतला एक र लिहिण्यासाठी आहे असे सांगते, आणि त्याखाली त्याचे अर्धे रूप पापणीसारखे असल्याचे नोंदते. म्हणजे रोज लाखो मराठी माणसे ज्या कोडाने ‘दुसऱ्या’ लिहितात, त्याची ओळख तक्त्यात आधी दुसऱ्याच भाषांच्या नावाने दिलेली आहे. त्याने कोणाचे अडत नाही. कोडाचे नाव ही एक खूण आहे, त्यापेक्षा जास्त वजन तिला देऊ नये.

‘ॲ’चेही तसेच. २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये त्याला यू+०९७२ हा स्वतःचा कोड मिळाला. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत होते. आज जुन्या मजकुरात एक आणि नव्यात दुसरे असते, आणि ‘ॲप’ शोधले तर निम्मेच निकाल येतात. मी एका संस्थेचा पंधरा वर्षांचा मराठी मजकूर तपासला तेव्हा ‘दुसऱ्या’ हा एकच शब्द तीन रूपांत मिळाला. तिसऱ्या रूपात तो जोडक कुठल्यातरी सॉफ्टवेअरने गिळला होता आणि र वर जाऊन रफार झाला होता. त्या दिवशी मला क्रीची फुली खरी समजली.

मग चुकीच्या फुलीने नेमके काय बिघडते? तीन गोष्टी वेगवेगळ्या बिघडतात, आणि त्यांची दुरुस्तीही वेगळी आहे.

यू+१५४१ वापरला तर शब्द अखंड राहतो, कारण तोही अक्षर म्हणूनच नोंदलेला आहे. फक्त शोध जुळत नाही आणि क्रम चुकतो. ‘सीपीह्क’ दोनदा येतो, दोन वेगळे शब्द म्हणून. रोमन लिप्यंतर करणारा प्रोग्रॅम काटेकोर असेल तर ‘ह्क’च्या जागी ‘यि’ देतो.

पूर्णविरामाची फुली वापरली तर बिघाड मोठा आहे. यू+१६६ई विरामचिन्ह म्हणून नोंदलेला आहे. शब्द वेगळे काढणारा कोणताही प्रोग्रॅम तिथे शब्द तोडतो. ‘सीपीह्क’चे ‘सीपी’ उरते आणि ‘त’ हवेत विरतो. मराठीत प्रत्येक ‘नदीत’, ‘घरात’, ‘शाळेत’मधला शेवटचा त पूर्णविराम म्हणून मोजला गेला तर काय होईल, तसे. वाक्यांची संख्या वाढते, शब्द अर्धवट होतात, आणि असा मजकूर पुढे भाषांतराच्या किंवा वाचून दाखवण्याच्या यंत्राला शिकवायला दिला तर ते यंत्र स्थलवाचक प्रत्ययच शिकत नाही. ज्या भाषेत मुळात मजकूर थोडा आहे, तिथे हे नुकसान भरून निघत नाही.

रोमन ‘एक्स’चे तिसरेच. शब्द एकाच वेळी दोन लिप्यांत जातो, फॉन्ट मध्येच बदलतो, फुली वर असायची ती खाली ओळीवर बसते. हे निदान डोळ्याला दिसते, म्हणून मला ते सर्वांत कमी धोक्याचे वाटते.

आता माझी चूक. एका संग्रहात क्री मजकूर होता आणि त्याच फाइलींमध्ये मधूनमधून डेने मजकूरही होता. भाषेची खूण कुठेच नव्हती, लिपी एकच होती, आणि मी सगळे क्री धरून यू+१५४१ चे यू+१५७डी करून टाकले. दोन्ही चिन्हे यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन-तीन बाइटची आहेत, त्यामुळे फाइलचा आकार एका बाइटनेही बदलला नाही. छापून पाहिले, काही फरक दिसला नाही. मी काम पूर्ण झाल्याचे कळवले. दोन आठवड्यांनी एका डेने शिक्षिकेने मजकुराखाली आपोआप तयार झालेली रोमन ओळ वाचली आणि विचारले की आमच्या शब्दांच्या शेवटी हा ‘ह्क’ कुठून आला, आमच्या भाषेत इथे असे काही नाही. सिलॅबिक्सची ओळ बरोबर दिसत होती, रोमन ओळ चूक होती, आणि मूळ दोष माझ्या बदलात होता. मूळ फाइली मी वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून परत जाता आले. त्या नसत्या तर कोणती फुली मुळात कोणती होती हे कोणालाच सांगता आले नसते. त्यांच्या भाषेतला एक आवाज मी दुसऱ्या भाषेच्या आवाजाने पुसला होता, आणि पडद्यावर त्याची काहीही खूण उरली नव्हती. हे मला अजून लागते.

म्हणून तुम्हाला जे सांगतो ते असे. मूळ फाइली आहेत तशा बाजूला ठेवा, त्यांना हात लावू नका. मग आधी शिरगणती करा. प्रत्येक फुली कोणत्या कोडाची, तिच्या आधी कोणते चिन्ह, नंतर कोणते, फाइल कोणती, ओळ कितवी. हा तक्ता एका तासात तयार होतो आणि पुढचे दहा तास वाचवतो. त्यानंतर मजकुराची भाषा ठरवा, परिच्छेदागणिक. हे यंत्राने ठरवू नका, वर्गातल्या शिक्षकांना विचारा. प्लेन्स क्री असेल तिथे ‘सीआरके’ ही भाषाखूण लावा. ती पुढे फॉन्टलाही उपयोगी पडते, कारण एकाच कोडाचा आकार भाषेप्रमाणे थोडा बदलायचा असेल तर फॉन्ट ती खूणच पाहतो. मराठीचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे दिसायला हवेत म्हणून आपण ‘एमआर’ लावतो, तसेच.

क्री ठरलेल्या भागात यू+१५४१ चे यू+१५७डी निर्धास्तपणे करा. सिलॅबिक्स अक्षराला चिकटून आलेला रोमन एक्स किंवा गुणाकाराचे चिन्ह मात्र एकेक पाहून ठरवा, कारण काही टंकलेखक पूर्णविरामासाठीही तेच वापरतात. खरी मेहनत यू+१६६ई ला आहे. शब्दाला चिकटून आलेली ती बारीक फुली ‘ह्क’ आहे की पूर्णविराम? रोमनमध्ये पुढचे अक्षर मोठे आहे का हे पाहून वाक्य संपले का ते ओळखता येते. सिलॅबिक्समध्ये लहान-मोठी अक्षरे नाहीत, देवनागरीत नाहीत तशीच. तेव्हा शब्द पाहावा लागतो. फुली काढल्यावर उरलेला भाग कोशात स्वतंत्र शब्द आहे का, आणि ‘ह्क’ धरल्यावर स्थलवाचक रूप होते का, हे दोन्ही तपासा. लागोपाठ दोन फुल्या आल्या तर पहिली ‘ह्क’ आणि दुसरी पूर्णविराम असण्याचा संभव मोठा आहे. ‘एकोस्पीह्क’, म्हणजे ‘तेव्हा’, यासारखे शब्द स्थलवाचक वाटत नाहीत पण त्यांच्याही शेवटी फुली असते, त्यांची एक छोटी यादी जवळ ठेवा. मजकुराची रोमन प्रत कुठे असेल तर तीच सर्वांत चांगली साक्षीदार.

एक नियम मदतीला येतो. फुली फक्त शब्दाच्या अखेरीस येते. शब्दाच्या मध्ये ‘ह’ आणि ‘क’ एकत्र आले तर ‘ह’चे छोटे चिन्ह आणि पुढे ‘क’च्या मालिकेतले पूर्ण अक्षर असे लिहितात. म्हणून फुलीच्या लगेच पुढे दुसरे अक्षर दिसले तर तिथे जागा सुटायची राहिली आहे किंवा टंकणात चूक आहे. शिरगणतीच्या तक्त्यात अशा ओळी आधी काढा.

शोधासाठी वेगळी सोय करा, मजकुरात ढवळाढवळ करून ती साधू नका. शोधाच्या अनुक्रमणिकेत सगळ्या फुल्या एक माना, दीर्घ स्वरावरचे टिंब असले-नसले सारखे माना. रोजच्या लिहिण्यात बरेच लोक ते टिंब देतच नाहीत, त्यामुळे टिंब असलेले ‘सीपीह्क’ आणि नसलेले, दोन्ही सापडले पाहिजेत. अधिकच्या चिन्हाचीही हीच सोय लागेल, कारण यू+१५४० च्या जागी यू+१४२९ हे ‘फायनल प्लस’ सर्रास येते. आणि ‘क्व’सारख्या अक्षरांत टिंबासह एकच कोड कोणी वापरतो, तर कोणी ‘क’ आणि सुटे टिंब असे दोन. तेही जोडून टाका. शोधणाऱ्याला काय टंकले याची शिक्षा होऊ नये. साठवलेला मजकूर मात्र नेमकाच असला पाहिजे.

कीबोर्डाबद्दल थोडक्यात. वर्गात सगळ्यांच्या फोनवर आणि संगणकावर एकच मांडणी असू द्या, आणि ती देण्याआधी फुलीची कळ दाबून कोणता कोड येतो ते स्वतः पाहा. मांडणीच्या चित्रावर जाऊ नका, चित्रात सगळ्या फुल्या सारख्याच असतात.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक सूचनाही होती, की युनिकोडकडे अर्ज करून क्रीसाठी नवी, वेगळी फुली मागावी. तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. क्रीला तिचा कोड मिळालेला आहे, त्याचे नावही बरोबर आहे. नवा कोड आला तर सध्याच्या सहा फुल्यांत सातवीची भर पडेल. नवे कोड जिथे खरोखर नसतात तिथे मागायचे असतात. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात जोआ हेवन, तालोयोआक आणि कुगारुक इथे नत्तिलिक इनुइट लोक बोलतात त्या बोलीत असे काही आवाज आहेत ज्यांना यादीत चिन्हच नव्हते. त्या लोकांना आपली भाषा संगणकावर पुरती लिहिताच येत नव्हती. २०२१ च्या १४.० आवृत्तीत त्यांच्या ‘ह’ आणि ‘श्र’च्या मालिकांची १२ चिन्हे आली. यादीत स्वतःचे अक्षरच नसणे हे दुःख वेगळे असते, आणि अर्जाची ताकद तिथे लागायला हवी.

काम झाल्यावर शिक्षकांकडे पाठवण्याआधी एवढी चाचणी करा. एका फाइलमध्ये ‘सीपिय’ आणि ‘सीपीह्क’ लिहा, खाली ‘वास्कहिकन’ आणि ‘वास्कहिकनिह्क’, आणि एक वाक्य असे घ्या ज्याचा शेवटचा शब्द ‘सीपीह्क’ आहे आणि त्याच्या पुढे फुलीचा पूर्णविराम. ती फाइल तीन वेगवेगळ्या फॉन्टांत उघडा, रोमनमध्ये लिप्यंतर करा, शब्द मोजा, ‘नदीत’ शोधा. वरचे चार आणि वाक्यात तुम्ही जितके लिहिले असतील तितके, एवढेच शब्द यायला हवेत, एकही तुटलेला नको. मग तो छापील कागद वर्गातल्या एखाद्या वडीलधाऱ्या वाचकाच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. ते शेवटचा ‘ह्क’ म्हणतात आणि मग थांबतात की नाही, ते कान देऊन ऐका.